हिरव्या दगडाची साक्ष

१

विहीर गेली ती सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत गेली.

विहीर म्हणजे दोर टाकून पाणी काढायची नव्हे. पोलादी नळ जमिनीत थेट खोल उतरवून, तिथल्या वाळूच्या दगडात मुरलेलं कढत पाणी वर आणणारी. थंडीनं कुडकुडणाऱ्या त्या गावात या पाण्यावर रुग्णालय ऊबदार राहणार होतं, शाळा राहणार होत्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांची घरं राहणार होती. उद्‌घाटनाच्या दिवशी पाणी असं उसळून आलं, की पाहुणे दोन पावलं मागे सरले. आणि मग रोज थोडं थोडं करत ते आटत गेलं. महिना उलटायच्या आत नळातून नुसती करंगळीएवढी धार उरली.

चौकशी झाली आणि दोषी लगेच सापडला. विहीर खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. त्याला सगळे उस्ताद म्हणत. खोदकाम संपल्यावर विहीर खारट पाण्यानं धुवायची असा नियम होता, आणि उस्तादांनी ती गोड्या पाण्यानं धुतली, असा आरोप होता. खालच्या दगडात फुगणारी चिकणमाती आहे, गोडं पाणी लागताच ती फुगली आणि दगडाची बारीक भोकं बुजली, विषय संपला. फक्त शिक्कामोर्तब करायला म्हणून दगडाचा एक तुकडा दूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवला गेला.

तिथं तो चिखलबाईंच्या टेबलावर आला.

हे नाव त्यांना कॉलेजात पोरांनी चिडवायला दिलं होतं. बाईंनी ते असं काही मिरवलं, की चिडवणारेच थकले. दगडांच्या कणांमध्ये बसलेली चिकणमाती, डोळ्यांना न दिसणारी, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. आई म्हणायची, लहानपणी चिखलातून उठत नव्हतीस, अजूनही उठली नाहीस. बाई म्हणायच्या, उठून जायचं कुठे, सगळं तर इथंच आहे.

त्यांनी तुकडा दळला, क्ष-किरणांखाली ठेवला, सूक्ष्मदर्शकातून पाहिला. फुगणारी माती होती. चांगली भरपूर होती. अहवालावर सही करायला पेन उघडलं आणि सवयीप्रमाणे एक क्षुल्लक माहिती विचारायला त्यांनी विहिरीच्या कार्यालयात फोन लावला: खालचं पाणी किती तापलेलं आहे?

उत्तर ऐकून त्यांनी पेन बंद केलं.

इतक्या उष्णतेत ही माती टिकत नाही. लाखो वर्षं कढत, खारट पाण्यात शिजून ती दुसरीच माती होते, न फुगणारी. कच्ची वीट भट्टीत घातली आणि कच्चीच बाहेर आली, असं कुणी सांगितलं तर कुंभार काय म्हणेल?

हा दगड त्या विहिरीच्या तळातला नव्हताच.

२

बाई स्वतःच त्या गावी निघाल्या. पत्रात काही कळवलं नाही. आणखी दगड बघायचे आहेत, एवढंच सांगितलं.

स्टेशनवर त्यांना घ्यायला खुद्द विहिरीचे व्यवस्थापक आले होते. गोल चेहऱ्याचा, घाईघाईनं बोलणारा माणूस. रस्ताभर त्यांनी गावाची कैफियत ऐकवली. रुग्णालयात जुन्या बंबांवर कसंबसं चाललंय, लोक तोंडावर विचारतात, तोंड लपवायची वेळ आली आहे. उस्तादांबद्दल मात्र ते कडू बोलले नाहीत. माणूस हाडाचा कामसू आहे म्हणाले, पण चूक ती चूक. एक गोष्ट त्यांनी अभिमानानं सांगितली. धुऊन झाल्यावर उस्तादांनी पाणी मोजलं होतं तेव्हा ते चांगलं होतं, आणि उद्‌घाटनाला तर त्याहूनही जास्त आलं. विहिरीची जागा शोधणाऱ्या भूशास्त्रज्ञ साहेबांनी गावाला जेवढा शब्द दिला होता, अगदी तेवढं.

बाईंनी मान डोलावली, पण हे वाक्य मनात बाजूला काढून ठेवलं.

खालून काढलेले दगड एका लांबट, थंड खोलीत फळ्यांवर मांडलेले होते. लाकडी खोकी, दगड किती खोलवरचा ते प्रत्येकावर रंगानं लिहिलेलं. या विहिरीचे होते, आणि आसपासच्या जुन्या उथळ विहिरींचेही होते. तळाच्या खोक्यातले तुकडे पांढुरके राखाडी दिसत होते. बाईंनी भिंगाखाली धरले. प्रयोगशाळेत आलेल्या तुकड्याचेच भाऊबंद. म्हणजे एक तुकडा चुकून मिसळला नव्हता. अख्खं खोकंच कुणीतरी बदललं होतं. इतकं वजन उचलायचं, तेही नीट क्रमानं लावायचं, हे काही गडबडीतलं काम नव्हे.

खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. व्यवस्थापकांकडे, भूशास्त्रज्ञांकडे आणि कामावरच्या रसायनतज्ज्ञ मुलीकडे. उस्तादांकडे किल्ली नव्हती.

बाईंना हायसं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

३

उस्ताद यंत्रांच्या शेडमध्ये भेटले. कामावरून दूर केलं होतं तरी रोज येत, आणि कुणी हटकायचं धाडस करत नव्हतं. पिकलेल्या मिशा, ताठ कणा, हातांना ग्रीसचा कायमचा रंग. टोळीतली माणसं आजूबाजूला उगाच काहीतरी पुसत उभी होती. उस्तादांना एकटं सोडायचं नाही असं जणू त्यांनी आपसात ठरवलं होतं.

बाईंनी विचारपूस सुरू केली, तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना हातानंच बाहेर जायला सांगितलं. मग बाईंसमोर एक खोकं उलटं घालून बसले.

"चौकशीत मी काही बोललो नाही," ते म्हणाले. "तुम्ही दगडाशी बोलणाऱ्या आहात असं ऐकलं, म्हणून तुम्हाला सांगतो. विहीर मीच मारली, बाई."

धुण्याचं काम अर्ध्यावर असताना मीठ संपलं होतं. नवं यायला उशीर होता, आणि उघडी विहीर तशीच ठेवली तर कडा ढासळायची भीती. उस्तादांनी निर्णय घेतला आणि राहिलेलं धुणं गोड्या पाण्यावर उरकलं. पोरांना त्यांनी सांगितलं की मी जबाबदार, आणि तो शब्द पाळला. आता कामावरून कायमचं काढलं तर काढोत. पण आयुष्यभर ज्यांनी पाणी वर आणलं त्या हातांनी एका गावचं पाणी बुजवलं, हे त्यांच्याच्यानं गिळवत नव्हतं.

दगड खोटा होता. पण गुन्ह्याची कबुली खरी होती. मग खोटा दगड ठेवणारा उस्तादांना अडकवत होता, की वाचवत होता?

बाहेर पडताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. गोड्या पाण्यानं धुतलं ते पहिल्या मोजणीच्या आधी की नंतर?

"आधी," उस्ताद म्हणाले.

बाई पायरीवरच थांबल्या.

४

फुगणारी माती गोडं पाणी लागलं की लगेच फुगते. ती उद्‌घाटनाच्या पाहुण्यांची वाट बघत बसत नाही. धुतल्यावरही पाणी चांगलं आलं, मग आणखी वाढलं, आणि मग आटलं. घोडं अडलं होतं ते या मधल्या वाढीपाशी. कुठल्याही धुण्यानं पाणी आपोआप वाढत नाही. कुणीतरी काहीतरी केलं होतं.

रसायनतज्ज्ञ मुलगी तिच्या खोलीत बाटल्या घासत होती. वयानं लहान, बोलायला तोफ. उस्तादांवरचा आरोप ऐकून तिनं व्यवस्थापकांशी भांडणही केलं होतं. खोदताना विहिरीत जे गाळपाणी सोडतात, त्याचा मसाला तीच ठरवायची. वरच्या थरांत फुगणारी माती फार होती, तिथं तिनं फुगणं रोखणारं औषध घातलं होतं. अमुक खोलीखाली मात्र ते बंद केलं, कारण खाली तसली माती राहिलीच नव्हती. मग चौकशीच्या अहवालात ती कुठून आली, हे तिला उमगत नव्हतं. तिनं तसं विचारलंही होतं. भूशास्त्रज्ञ म्हणाले, तुझ्या चाचण्या खोदताना वर आलेल्या भुशावरच्या, आमचा पुरावा अख्ख्या दगडावरचा. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला अजून राग येत होता.

बाईंनी साठ्याबद्दल विचारलं. अ‍ॅसिड होतं, बंब साफ करायचं, तीव्र. उद्‌घाटनाआधी भूशास्त्रज्ञ साहेबांनी बंबासाठी म्हणून बरंच मागून नेलं होतं. त्यात वावगं काय?

वावगं काही नव्हतं. आवारातला बंब मात्र तसाच मळका होता. येताना बाईंनी तो पाहिला होता.

भूशास्त्रज्ञ कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर राहत. भिंतभर नकाशे, टेबलावर भूकंपलहरींचे आलेख. उंच, देखणा, आवाज ऐकत राहावा असा. इथं खाली पाणी नाही असं चौघा जाणकारांनी लिहून दिलेलं असताना, या माणसानं एकट्यानं बोट ठेवून सांगितलं होतं, इथंच खोदा. आणि पाणी लागलं. ते सांगताना त्यांचे डोळे चमकले, आणि बाईंनाही मनापासून कौतुक वाटलं. अशी नजर शंभरांत एकाला असते.

चिकणमातीचा विषय निघाल्यावर मात्र ते हसले. "माती ती माती, बाई. पाणी लागलं की फुगते. त्यात एवढं काय बघायचं?"

बाईही हसल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्यांच्या मनात आलं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि खरा दगड कुठेच नव्हता. खोकी, फळ्या, आवार सगळं धुंडाळून झालं होतं. विहिरीच्या तळाचा एक कणही शिल्लक दिसत नव्हता.

५

उस्तादांच्या घरी बाई गेल्या त्या निरोपाचे दोन शब्द बोलायला. घर लहान, पण आरशासारखं लख्ख. उस्तादांच्या पत्नीनं त्यांना गरम पाण्यानं हात धुवायला लावले, बळेच खुर्चीत बसवलं आणि नवऱ्याची बाजू मांडायला सुरुवात केली. उस्ताद दोनदा म्हणाले, अगं, पुरे. तिनं ऐकलं नाही. आयुष्यभर यांच्या कपड्यांवरचा चिखल मी धुतला, आता बोलायचीही सोय नाही का, म्हणाली.

भिंतीशी काचेचं कपाट होतं. वरच्या फळीवर त्यांच्या लेकीची शाळेतली बक्षिसं, एक ढाल, उस्तादांचा टोळीबरोबरचा फोटो. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, खाली मऊ रुमाल घालून, मुठीएवढा दगड.

बाई पुढे वाकल्या. त्यांची नजर कुठं आहे ते बघून उस्ताद उठून उभे राहिले.

"ते नियमात बसत नाही," त्यांनी कबूल केलं. "तळाचा पहिला दगड वर आला तेव्हा पोरांनी आनंदानं एकेक कपचा घरी नेला. मलाही दिला. दगड बाहेर नेला म्हणून नोकरी जाते. माझी गेलीच आहे, पण पोरांची जाऊ नये म्हणून बोललो नाही."

बाईंनी दगड खिडकीपाशी नेला. दिवस मावळायला अजून वेळ होता. उजेडात दगड हिरवट दिसला, तळ्यातल्या शेवाळासारखा.

"आहेच तो हिरवा," पत्नी म्हणाली. "सगळ्यांच्या घरचे हिरवेच आहेत. मी तर म्हटलं, खालच्या देवानं रंगवून पाठवला."

बाईंना हसू आवरेना. खोकं बदलणाऱ्यानं खोलीतला दगड बदलला होता. टोळीच्या घराघरातला अभिमान त्याला बदलता आला नव्हता.

६

बाईंनी घराघरातून कपचे मागून घेतले, सगळ्यांसमोर, पोरांच्या नोकऱ्यांना धक्का लागणार नाही असा शब्द व्यवस्थापकांकडून घेऊन. विहिरीच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतला गाळही खरवडून घेतला. तो तपकिरी होता आणि जेलीसारखा थलथलत होता. सगळं घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि परत आल्या तेव्हा कार्यालयात बैठक बोलावली. व्यवस्थापक, भूशास्त्रज्ञ, रसायनतज्ज्ञ, उस्ताद आणि दारात दाटीवाटीनं टोळी.

बाई उभ्या राहून बोलल्या. आवाज चढवला नाही.

वाळूच्या दगडातून युगानुयुगं पाणी फिरतं, त्या म्हणाल्या, आणि फिरता फिरता मातीचं रूप पालटतं. काही विरघळवतं, काही नव्यानं बसवतं. या विहिरीच्या तळाशी त्या पाण्यानं वाळूच्या एकेका कणाला हिरव्या खनिजाचं पातळ अस्तर लावलं आहे. त्याला क्लोराइट म्हणतात. दगडाची भोकं उघडी राहिली ती या अस्तरामुळे. त्याला गोड्या पाण्याचं सोयरसुतक नाही. धुवा, भिजवा, ते फुगत नाही.

उस्तादांनी मान वर केली.

"म्हणजे गोड्या पाण्यानं—"

"काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातून विहिरीला ओरखडाही उठलेला नाही."

दारातली कुजबुज थांबायला थोडा वेळ लागला. मग बाई पुढे बोलू लागल्या. क्लोराइटच्या पोटात लोखंड असतं. त्याचा एकच वैरी आहे, तीव्र अ‍ॅसिड. अ‍ॅसिड ओतलं की आधी दगडाची तोंडं मोकळी होतात, पाणी वाढतं, सगळे टाळ्या वाजवतात. मग अ‍ॅसिडचा जोर संपतो. विरघळलेलं लोखंड पाण्यात राहू शकत नाही. जेली होऊन भोकाभोकांत बसतं. गाळणीत मिळाली ती हीच. व्यवस्थापकांनी विचारलं, हा नळाचा साधा गंज कशावरून नाही? नळात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम नसतं, बाई म्हणाल्या. क्लोराइटमध्ये असतं, आणि या जेलीत दोन्ही आहेत.

म्हणजे उद्‌घाटनाआधी, टोळी कामावर नसताना कुणीतरी विहिरीत अ‍ॅसिड सोडलं होतं. आणि मग पाणी आटल्यावर खोकं बदललं होतं. किल्ल्या तिघांकडे. व्यवस्थापकांना दगड आणि वीट यांतला फरक सांगता यायचा नाही, बाई म्हणाल्या, आणि व्यवस्थापकांनी घाईघाईनं होकार दिला. हजार तुकड्यांतून फुगणाऱ्या मातीचा नेमका थर निवडणं त्यांचं काम नव्हे. ही मुलगी निवडू शकली असती. पण खाली तशी माती नाही हे तिला ठाऊक होतं, अहवालात ती आली कुठून, हे तिनंच विचारलं होतं. तिनं हा दगड कधीच ठेवला नसता. ठेवणारा असा हवा, की ज्याला जुन्या विहिरींचे थर तोंडपाठ आहेत, फुगणारी माती कुठली हे माहीत आहे, पण खोल उष्णतेत ती शिजून बदलते हे माहीत नाही. माती ती माती, असं ज्याला वाटतं.

कुणीच भूशास्त्रज्ञांकडे पाहिलं नाही. त्यामुळे त्यांना बोलणं भाग पडलं.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. गावाला दिलेला आकडा आणि उस्तादांची पहिली मोजणी यांत फरक होता. थोडासाच, पण होता. चौघांच्या विरुद्ध जाऊन विहीर शोधली होती. लोकांनी त्या थोड्याशा फरकावर बोट ठेवावं, हे त्यांना सहन होणार नव्हतं. दुसरीकडे अनेक ठिकाणी अ‍ॅसिडनं विहिरी सुधारलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. इथं करायला गेले एक आणि झालं भलतंच. गोड्या पाण्याची कुणकुण त्यांना लागली होती, तेव्हा दोष झटकायला तोच मार्ग दिसला.

"मी तुमच्या पोटावर पाय दिला," ते उस्तादांना म्हणाले.

उस्ताद त्यांच्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "पोटाचं सोडा, साहेब. मी माझ्याच हातांकडे बघायचं सोडलं होतं. ते तुम्ही केलंत."

भूशास्त्रज्ञांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला आणि गावासमोर स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. ते एक मात्र त्यांनी ताठ कण्यानं केलं, हे उस्तादही मान्य करत.

७

विहीर मेली नव्हती, घुसमटली होती. ज्यानं लोखंड विरघळतं आणि परत बसत नाही, पाण्यातच धरून ठेवलं जातं, असं सौम्य आम्ल असतं, लिंबाच्या आंबटपणाच्या जातीचं. किती पातळ, किती हळू, हे रसायनतज्ज्ञ मुलीनं बाईंबरोबर हिरव्या कपच्यांवर आधी करून पाहिलं. त्यासाठी टोळीतल्या एकेकानं आपल्या घरचा दगड बाईंकडेच राहू दिला, परत मागितला नाही. बाईंनी बजावून सांगितलं की यश येईलच अशी हमी नाही.

ते विहिरीत सोडायचं काम उस्तादांनी केलं. घाई करणाऱ्याला त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. मुलगी आकडे सांगायची, ते झडप फिरवायचे, केसभर इकडे, केसभर तिकडे. मग वाट पाहिली.

एका ढगाळ सकाळी त्यांनी विहीर उघडली. आधी नुसतीच खाकरल्यासारखी हवा आली. मग गढूळ तपकिरी पाणी आलं, बराच वेळ आलं, आणि टोळीतल्या एकानं तोंड फिरवलं. उस्ताद हलले नाहीत. पाणी पिवळं झालं, मग दुधी, मग स्वच्छ. वाफेचा लोट वर चढला आणि मागच्या कुंपणापाशी जमलेल्या गावात एकदम आवाज उठला. उस्तादांच्या पत्नीनं शेजारणीचा हात इतका घट्ट धरला होता, की शेजारीण ओरडली.

मुलीनं पाणी मोजलं, पुन्हा मोजलं. उस्तादांच्या पहिल्या मोजणीइतकंच भरलं. उद्‌घाटनाच्या दिवशीपेक्षा कमी, गावाला दिलेल्या शब्दापेक्षाही कमी. रुग्णालयाला पुरेल, शाळांना पुरेल. वरच्या आळीतल्या घरांना पुढची विहीर होईपर्यंत थांबावं लागेल. व्यवस्थापक चाचरत उस्तादांजवळ आले. लोक बाहेर उभे आहेत, त्यांना आकडा सांगायचा आहे. जरा वाढवून सांगितला तर?

"आहे तेवढाच सांगा," उस्ताद म्हणाले. "आमचा आहे तो."

व्यवस्थापक कुंपणाकडे गेले आणि त्यांनी तो आकडा जसाच्या तसा मोठ्यानं वाचला. टाळ्या पडल्या. चिखलबाई वाफेत भिजलेला चष्मा पुसत होत्या. तो परत डोळ्यांवर चढवला तेव्हा त्यांना दिसलं की उस्तादांनी हातमोजा काढून नळावर उघडा तळवा टेकला आहे. पोलाद झपाट्यानं तापत होतं. मुलगी म्हणाली, भाजेल. त्यांनी ऐकलं, पण हात लगेच काढला नाही.